बंद पाकिटाचे दृश्य : चौकटीतला अर्थ कसा घडतो याच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

प्रकल्पाचा प्रश्न आज लेखी पक्का केला. चित्रपटातले एखादे दृश्य आवाज पूर्ण बंद करून पाहिले तरी पात्रांच्या नात्याविषयी, त्यांच्यातल्या सत्तेविषयी आणि येऊ घातलेल्या संकटाविषयी आपल्याला बरेच काही कळते. ते नेमके कशामुळे कळते, आणि चौकटीतला एक घटक बदलला तर त्या कळण्यात काय फरक पडतो, हे तपासायचे आहे. रसग्रहणाच्या वर्गांत फिरणाऱ्या तक्त्यांमध्ये या प्रश्नाची तयार उत्तरे असतात : कॅमेरा खालून लावला की पात्र बलवान, वरून लावला की दुबळे, लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे एकाकीपणा. आम्ही हे तक्ते आधाराला घेणार नाही. आमचे गृहीतक असे आहे की कोणत्याही दृश्यघटकाला स्वतःचा कायमचा अर्थ नसतो. त्या चित्रपटाने तोवर नेहमीचे म्हणून काय रुजवले आहे आणि समोरचा शॉट त्यापासून किती व कोणत्या बाजूला सरकला आहे, यावरून प्रेक्षक अर्थ लावतो.

काम दोन अंगांनी चालेल. ज्यांच्या निर्मितीविषयी खात्रीची माहिती मिळते असे मोजके चित्रपट आवाजाविना पाहायचे, आणि सोबत स्वतःचे एक लहान दृश्य चित्रित करून त्यात एका वेळी एकच घटक बदलायचा.

७ जानेवारी

चाचणीचे दृश्य ठरले. एका खोलीत टेबलाशी एक स्त्री बसली आहे. टेबलावर एक बंद पाकीट आहे. एक पुरुष दारातून आत येतो, पाकीट पाहून थबकतो आणि समोरच्या खुर्चीवर बसतो. स्त्री पाकीट त्याच्याकडे सरकवते. तो ते उचलत नाही. संवाद नाही. पाकिटात काय आहे हे कलाकारांनाही सांगायचे नाही, म्हणजे त्यांचा अभिनय कोणत्याही एका निष्कर्षाकडे झुकणार नाही. हालचालींच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवल्या, कारण प्रत्येक आवृत्तीत पावले, थांबे आणि हाताची गती शक्य तितकी सारखी राहायला हवी.

११ जानेवारी

कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स यांच्यासाठी सिडनी ल्युमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ निवडला. खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्युरींचा हा जवळजवळ सगळा चित्रपट एकाच खोलीत घडतो, त्यामुळे नेपथ्य बदलून अर्थ आणण्याची वाट दिग्दर्शकाला बंदच आहे. ल्युमेट यांनी आपली पद्धत स्वतः लिहून ठेवलेली आहे. पहिला एक-तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा त्या पातळीच्या खालून चित्रित केला. त्याच वेळी लेन्सची केंद्रलांबी हळूहळू वाढवत नेली, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या ‘लांब’ लेन्सकडे जात राहिले. छायाचित्रणकार होते बोरिस कॉफमन.

त्याचा परिणाम नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. लांब लेन्सने चेहरा तेवढाच मोठा दिसावा यासाठी कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि कॅमेरा मागे गेला की पात्र आणि त्याच्या मागची भिंत यांच्यातले अंतर प्रेक्षकाला कमी भासते. म्हणजे भिंती जागच्या जागी असतात, तरी चित्रपट पुढे सरकतो तशा त्या माणसांना येऊन भिडतात. कॅमेरा खाली उतरल्यामुळे उत्तरार्धात छत दिसू लागते आणि वरचा मोकळा भागही जातो. तक्त्यातला नियम लावायचा तर उत्तरार्धातली सगळी पात्रे बलवान वाटायला हवीत; प्रत्यक्षात ती कोंडलेली वाटतात. शेवटी ज्युरी इमारतीबाहेर पडतात तो शॉट चित्रपटातल्या सर्वांत वाइड, म्हणजे सर्वांत रुंद परिसर टिपणाऱ्या लेन्सने आणि सर्वांत उंचावरून घेतला आहे. तो सुटकेचा वाटतो, पण ती सुटका त्या शॉटमध्ये एकट्याने साठवलेली नाही. तोच शॉट चित्रपटाच्या आरंभी ठेवला असता तर रस्त्यावरच्या माणसांचे एक साधे दृश्य, एवढेच त्याचे मोल राहिले असते.

हा बदल पाहताना जाणवत नाही, हेही महत्त्वाचे आहे. प्रेक्षकाने लेन्स ओळखावी अशी अपेक्षाच नाही. त्याला फक्त गुदमरायला व्हावे, इतकेच पुरे.

१५ जानेवारी

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) याच मुद्द्यासाठी पाहिला. ओझूंचा कॅमेरा जमिनीवर चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका किंवा त्याहूनही खाली असतो, बहुधा ५० मिलिमीटरची लेन्स असते आणि कॅमेरा क्वचितच हलतो. तरीही या चित्रपटातले वृद्ध आई-वडील कोणत्याही क्षणी सत्ताधारी वाटत नाहीत. कॅमेरा सतत खालीच असल्यामुळे ती उंची घराचीच उंची होते आणि तिच्यावर प्रेक्षकाचे लक्ष राहत नाही. मग अर्थ कुठे राहतो? तो कोण उठून गेले, कोण बसून राहिले आणि कोणती खोली रिकामी झाली, यात राहतो. स्थिर कॅमेऱ्यामुळे माणसांचे बसणे-उठणेच घटना बनते.

आमच्या स्वतःच्या नोंदींच्या तक्त्यात त्यामुळे ‘कॅमेऱ्याची उंची’ असा एकच रकाना न ठेवता ‘नेहमीची उंची’ आणि ‘या शॉटची उंची’ असे दोन रकाने केले. लेन्स, प्रकाश आणि रंग यांनाही हीच रचना लागू केली.

२१ जानेवारी

चौकटीतली खोली, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या गोष्टींमधले अंतर. या विषयावर ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’मधले (१९४१) बालपणाचे दृश्य टाळून पुढे जाता येत नाही, आणि आज बहुतेक वेळ त्यावरच गेला. मुलगा बाहेर बर्फात खेळतो आहे. कॅमेरा त्याच्यापासून मागे येत खिडकीतून घराच्या आत शिरतो आणि टेबलापर्यंत येऊन थांबतो. टेबलाशी आई आणि बँकेचा माणूस मुलाला त्याच्या ताब्यात देण्याच्या कागदपत्रांसह बसतात. वडील मधल्या पट्ट्यात उभे राहून विरोध करतात. आणि मागच्या खिडकीच्या चौकोनात तो मुलगा सतत दिसत राहतो. ग्रेग टोलंड यांच्या छायाचित्रणात पुढचे चेहरे आणि दूरचा बर्फ एकाच वेळी स्पष्ट आहेत.

साधारण संकलनाच्या रीतीने हेच दृश्य करायचे तर आईचा क्लोज-अप, कागदावरची सही, मग बाहेरचा मुलगा असे तुकडे पडले असते. प्रत्येक तुकडा आपापली भावना सांगून गेला असता, पण दोन गोष्टी एकाच क्षणी घडत आहेत हे प्रेक्षकाला मनात जुळवावे लागले असते. इथे जुळवणी चौकटीतच झालेली आहे. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे तो चौकटीत सर्वांत लहान आहे, आणि तरी मध्यभागी आहे. वडिलांना आवाज आहे पण जागा नाही. ते टेबलाचेही नाहीत आणि खिडकीचेही नाहीत. पुढे वडील खिडकी लावून घेतात आणि आई ती पुन्हा उघडते. या दोन साध्या कृतींतून मुलाशी कोणाचे नाते कसे आहे हे जितके कळते, तितके त्या दोघांच्या बोलण्यातून कळत नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवून ठेवतो. खोल फोकसमुळे, म्हणजे जवळचे आणि दूरचे सगळे स्पष्ट ठेवल्यामुळे, प्रेक्षक हवे तिकडे पाहायला मोकळा होतो, असे नेहमी म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. खिडकी ही चौकटीतली दुसरी चौकट आहे, टेबलाच्या कडा आणि माणसांच्या नजरा तिच्याकडे रेषा ओढतात, आणि बर्फाचा उजेड हा आतल्या अंधाऱ्या खोलीपेक्षा ठळक आहे. डोळा मोकळा असतो, पण त्याच्या वाटा आखून दिलेल्या असतात.

२३ जानेवारी

आमच्या दृश्याची खोल फोकसची आवृत्ती. पाकीट अगदी पुढे, दार मागे, आणि दोन्ही स्पष्ट हवीत. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. ते एफ २ वरून एफ ११ वर आणायचे म्हणजे पाच स्टॉप प्रकाश कमी होतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणून तोच उजेड मिळवायला ३२ पट प्रकाश लागतो. आमच्याकडे तेवढे दिवे नाहीत. १९४१ मध्ये टोलंड यांना जलद फिल्म, लेप दिलेली भिंगे आणि प्रखर आर्क दिवे यांची सांगड घालावी लागली होती आणि त्यांचेही काही खोल शॉट वेगवेगळे चित्रित केलेले भाग एकत्र करून साधलेले आहेत, हे यानंतर अधिक आदराने कळले.

शेवटी ५० ऐवजी २४ मिलिमीटरची लेन्स घेऊन एफ ८ वर काम केले. स्पष्टतेचा प्रश्न सुटला, पण कॅमेरा पाकिटाच्या जवळ न्यावा लागल्यामुळे दार पूर्वीपेक्षा बरेच लांब दिसू लागले आणि पुरुषाची चाल मोठी वाटू लागली. एका वेळी एकच घटक बदलायचा हा नियम प्रत्यक्षात पूर्ण पाळता येत नाही. फोकस बदलला की लेन्स बदलते, लेन्स बदलली की अंतर बदलते, अंतर बदलले की चालण्याचा वेळही लांबल्यासारखा भासतो. चौकटीतले घटक एकमेकांना बांधलेले असतात, आणि दिग्दर्शक निवडतो ती बहुधा एक गाठ असते, सुटा धागा नसतो. तक्त्यात अशा बदलांची जोडीने नोंद करण्याचे ठरवले.

एवढे असूनही परिणाम बोलका आहे. उथळ फोकसच्या आवृत्तीत पुरुष दारात एक अस्पष्ट आकृती म्हणून उगवतो आणि पाकीट हे स्त्रीचे गुपित वाटते. खोल फोकसमध्ये तो आत येतो त्या क्षणापासून पाकीट आणि तो एकमेकांसमोर उभे असतात. स्त्री जणू मध्यस्थ होते.

३० जानेवारी

प्रकाशयोजना. मुख्य दिवा आणि सावलीची बाजू उजळणारा भरणीचा दिवा यांचे प्रमाण आधी २:१ ठेवले, म्हणजे चेहऱ्याच्या दोन बाजूंत एका स्टॉपचा फरक. मग ८:१, म्हणजे तीन स्टॉपचा. दुसऱ्या प्रमाणात चेहऱ्याची एक बाजू जवळजवळ बुडते. अपेक्षेप्रमाणे दृश्य गंभीर झाले, पण यात नवे काही नाही. खरा फरक प्रकाशाची दिशा बदलल्यावर दिसला. दिवा खिडकीच्या बाजूला असताना सावली ‘दुपार’ सांगत होती. तोच दिवा, तेच प्रमाण ठेवून टेबलावरच्या दिव्याच्या जागी आणला, तेव्हा वेळ रात्रीची झाली आणि पाकीट आणून ठेवलेले न वाटता बराच काळ कोणाची तरी वाट पाहत असलेले वाटू लागले. प्रकाशाने भावना सांगण्याच्या आधी घड्याळ सांगितले, आणि भावना त्या घड्याळातून आली.

या संदर्भात छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांचे सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मधले (१९५६) काम आठवणे भाग आहे. बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. खऱ्या अंगणात वरच्या आकाशातून येणारा उजेड सगळीकडून सारखा झिरपतो आणि ठळक सावली पडत नाही. स्टुडिओतले दिवे थेट लावले की अनेक सावल्या पडून खोटेपणा उघड होतो. मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणून खालचे दिवे त्यावर मारले आणि परावर्तित झालेला मऊ उजेड खाली घेतला. प्रेक्षकाला त्यात काही विशेष दिसत नाही, आणि तेच त्या योजनेचे यश आहे. नेहमीचा उजेड इतका विश्वसनीय झाल्यावर त्या घरात पुढे एखादा कोपरा काळवंडला तर तो काळवंडणे अर्थपूर्ण ठरते. नाट्यमय प्रकाशाचे कौतुक फार होते. न जाणवणाऱ्या प्रकाशाविषयी तुलनेने कमी लिहिले जाते, आणि माझ्या मते दोन्हींत अवघड काम दुसरे आहे.

५ फेब्रुवारी

रंग. अकिरा कुरोसावा यांच्या ‘हाय अँड लो’ (१९६३) या कृष्णधवल चित्रपटात एकाच ठिकाणी रंग येतो : खंडणीच्या बॅगेत लपवलेले रसायन जळते आणि धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. गुलाबी रंगाशी गुन्ह्याचा कोणताही ठरलेला संबंध नाही. चित्रपटात तोवर रंगच नव्हता, म्हणून तो पुरावा ठरतो. आमच्या गृहीतकाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

आमच्या दृश्यात पाकीट पिवळे ठेवले. पहिल्या आवृत्तीत खोली आणि दोघांचे कपडे करड्या छटांचे होते. पाकिटाकडे लक्ष जाते, पण ते कोणाचेच वाटत नाही. दुसऱ्या आवृत्तीत स्त्रीच्या खांद्यावर त्याच छटेची शाल दिली, आणि पाकीट तिने लिहिलेले आहे असा समज आपोआप तयार झाला. तिसऱ्यात तीच छटा पुरुषाच्या शर्टाला दिली. आता तो दारातून आत येतो तेव्हाच पाकीट त्याच्याशी जोडले जाते, आणि त्याचे न उचलणे नकारासारखे न वाटता ओळख टाळण्यासारखे वाटते. रंगाच्या पुनरुक्तीने मालकी ठरते, हे इथे फार लख्ख दिसले. पिवळ्याऐवजी हिरवा घेऊनही तेच घडले, त्यामुळे छटेच्या प्रतीकार्थावर अधिक वेळ घालवणार नाही.

कॅमेऱ्याचे श्वेतसंतुलन (कोणता उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारी मांडणी) ३२०० केल्विनवर ठेवून ५६०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडात एक निळसर आवृत्तीही घेतली. ती पाहायला आकर्षक आहे. कथेला तिने काही दिले नाही.

९ फेब्रुवारी

वेशभूषेतील सातत्य तपासले. दोन आवृत्त्यांत बाह्या वेगळ्या दुमडलेल्या आहेत. त्या तुलनेतून वगळल्या.

१४ फेब्रुवारी

शॉटचा क्रम. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्ह यांचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे : अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा सूपचे भांडे, शवपेटी आणि स्त्री यांच्या शेजारी जोडला की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर भूक, शोक आणि इच्छा दिसते. मूळ तुकडा आज उपलब्ध नाही आणि निरनिराळ्या वर्णनांत तपशील वेगवेगळे आहेत, म्हणून त्याला पुरावा न मानता सूचना मानून आम्ही आपल्याच चित्रणावर तपासणी केली.

पुरुषाचा चेहरा आधी आणि पाकीट नंतर दाखवले तर आपण त्याच्या नजरेने पाकीट पाहतो. तो काहीतरी शोधत आला असावा असे वाटते. पाकीट आधी आणि चेहरा नंतर ठेवला तर पाकिटाची माहिती आपल्याला त्याच्या आधी असते, आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवू लागतो. शॉट तेच, लांबी तीच. बदलले ते प्रेक्षकाचे बसण्याचे ठिकाण. आधी कोणाला काय माहीत आहे, हा प्रश्न दृश्यरचनेचाच भाग आहे आणि त्याला रकाना हवा होता. तो आज वाढवला.

अक्षरेषा ओलांडण्याचीही चाचणी घेतली. दोन पात्रांमधली कल्पित रेषा धरून कॅमेरा १८० अंशांच्या एकाच बाजूला ठेवला की दोघे एकमेकांकडे पाहत असल्याचे कळते. रेषा ओलांडल्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात. दृश्याच्या आरंभी केले तर तो गोंधळ वाटतो. पाकीट सरकवल्यानंतर केले तर दोघांमधला व्यवहार तुटल्यासारखे वाटते, कारण तोवर जागेची मांडणी डोक्यात पक्की झालेली असते.

१९ फेब्रुवारी

आवृत्त्या प्रेक्षकांना दाखवल्या. ‘या शॉटचा अर्थ काय’ असे विचारले की लोक परीक्षेला बसल्यासारखी उत्तरे देतात आणि रसग्रहणाच्या तक्त्यांतलीच वाक्ये परत येतात, म्हणून दोनच प्रश्न ठेवले : याआधी काय घडले असेल, आणि यानंतर काय घडेल. उत्तरे कथांच्या रूपात आली आणि कामाला आली. शालीच्या आवृत्तीत बहुतेकांनी पत्र स्त्रीचे मानले. शर्टाच्या आवृत्तीत घर सोडून गेलेला माणूस परत आला आहे, अशी कथा पुन्हा पुन्हा निघाली, जरी दृश्यात तसे काहीही नाही. खालून लावलेल्या कॅमेऱ्याच्या सुट्या आवृत्तीबद्दल मात्र एकमत झाले नाही : कोणाला पुरुष धमकावणारा वाटला, कोणाला अवघडलेला, आणि काहींना उंचीचा बदल लक्षातच आला नाही. बहुतांश दृश्य डोळ्यांच्या पातळीवर ठेवून केवळ पाकीट सरकताना कॅमेरा टेबलाच्या उंचीवर आणला, तेव्हा सर्वांचे लक्ष हाताकडे गेले आणि निर्णय त्या हालचालीत आहे असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले.

आमच्या छायाचित्रणकार सहकारीचा आक्षेपही इथे नोंदवतो. तिचे म्हणणे असे की प्रेक्षक आमच्या दृश्याशिवाय आधी पाहिलेले शेकडो चित्रपट सोबत घेऊन येतो. त्यामुळे ‘नेहमीचे’ काय हे केवळ त्या चित्रपटाने ठरत नाही. अर्धा काळा चेहरा पाहून लोक संशय घेतात तो आमच्या दृश्यामुळे नव्हे, इतर अनेक चित्रपटांत तसे पाहिल्यामुळे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि गृहीतकाला त्याने मर्यादा घातली आहे : बाहेरून आलेली सवय आणि चित्रपटाने आत घडवलेली सवय या दोन्हींची तुलना करायला हवी. ओझूंची उदाहरणे दाखवतात की दुसरी सवय पुरेशी चिवट असेल तर पहिलीला बाजूला सारू शकते. आमच्या छोट्या दृश्याला तेवढा वेळच मिळत नाही.

२६ फेब्रुवारी

त्यानुसार पुढील टप्प्याची आखणी केली. दृश्य एकटे न दाखवता त्याच्या आधी त्याच खोलीतली चार साधी दृश्ये जोडायची : जेवण, आवराआवर, फोनची वाट पाहणे, दिवा मालवणे. एका मालिकेत ही चारही दृश्ये ८:१ प्रकाशात आणि खालच्या कॅमेऱ्याने घ्यायची, म्हणजे तीच त्या घराची रीत होईल; दुसऱ्या मालिकेत ती २:१ प्रकाशात आणि डोळ्यांच्या पातळीवर. त्यानंतर दोन्हींना पाकिटाच्या दृश्याची एकच, अंधाऱ्या प्रकाशाची आणि खालच्या कोनाची प्रत जोडायची. पहिल्या मालिकेच्या प्रेक्षकांना त्यात धोका दिसला नाही आणि दुसऱ्या मालिकेच्या प्रेक्षकांना दिसला, तर गृहीतक टिकते. दोन्हीकडे धोका सारखाच दिसला, तर सहकारीचा आक्षेप अधिक वजनदार ठरतो. दोन्ही मालिका वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवायच्या, कारण पाकिटाचे दृश्य एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा कोऱ्या नजरेने ते पाहू शकत नाही. चित्रणासाठी खोलीतल्या जमिनीवरच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत.